विंडोज ११च्या पोटात १०.० कसे?

वाचकांचे प्रश्न : संगणक

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच निघाला. ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव एक सांगते, क्रमांक दुसरेच सांगतो आणि दोन्हींचा मेळ बसत नाही, अशी तक्रार त्या सर्वांत आहे. म्हणून या अंकातले सदर त्या पाच पत्रांनाच दिले आहे. पत्रे बरीच लांब होती. प्रश्नापुरता मजकूर ठेवून बाकीचा गाळला आहे.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षासाठी सहा नवे संगणक घेतले. बिलावर विंडोज ११ असे लिहिले आहे आणि पडद्यावरही तेच दिसते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी म्हणून आमच्या लिपिकांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हर’ ही आज्ञा दिली, तर उत्तरात १०.०.२६१०० असा आकडा आला. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी बिल रोखून धरले आहे. दुकानदाराने जुनीच प्रणाली वरून रंग देऊन आम्हाला दिली आहे का?
(एक शिक्षक, जिल्हा सांगली)

उत्तर : बिल चुकते करण्यास हरकत नाही, तुमच्याकडे आलेली प्रणाली विंडोज ११च आहे. लिपिकांनी केलेली तपासणीही योग्यच होती, फक्त त्या आकड्यातला पाहण्याजोगा भाग पहिला नसून तिसरा आहे. १० हा मुख्य क्रमांक, त्यापुढचे ० हा उपक्रमांक आणि २६१०० हा बिल्ड क्रमांक, म्हणजे प्रणाली घडवताना वेळोवेळी जी नवी बांधणी केली जाते तिचा चढत जाणारा क्रमांक. विंडोज १०ची अखेरची आवृत्ती १९०४५ या बिल्डवर थांबली, तर विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये २२००० या बिल्डपासून बाजारात आली. त्यामुळे शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकावर हा तिसरा आकडा २२००० किंवा त्याहून मोठा असला, की ती विंडोज ११ समजावी. बिल्डच्या पुढे आणखी एक चौथा आकडा असतो. तो दर महिन्याच्या दुरुस्त्यांबरोबर बदलतो आणि नोंदवहीत लिहिण्याच्या कामाचा नाही.

आता मूळ शंकेकडे वळू. नावात ११ आणि आत १० हे कसे? याचे कारण असे, की ऑपरेटिंग सिस्टीमचा क्रमांक वाचणारे दोघे असतात. एक म्हणजे विकत घेणारा माणूस, ज्याला नवे काही मिळाले असे वाटले पाहिजे. आणि दुसरे म्हणजे त्या संगणकावर चालणारे हजारो प्रोग्रॅम, ज्यांना नवे काही झाले आहे असे शक्यतो कळूच नये अशी कंपनीची इच्छा असते. बरेच प्रोग्रॅम सुरू होताना प्रथम ‘तुझी आवृत्ती कोणती?’ असे प्रणालीला विचारतात आणि उत्तर पसंत पडले नाही तर तिथेच थांबतात. हा प्रश्न विचारणे सोपे आहे, पण मिळालेले उत्तर नीट पडताळणे अनेक प्रोग्रॅमरांना जमलेले नाही, आणि त्यांची चूक शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमलाच पोटात घालावी लागते.

याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. १९९२च्या विंडोज ३.१चा क्रमांक प्रोग्रॅमांना ३ आणि १० असा दोन तुकड्यांत मिळत असे. आपला प्रोग्रॅम ३.१ किंवा त्यानंतरच्या विंडोजवर चालावा, असे ज्याला हवे होते त्याने प्रथम मुख्य क्रमांक पाहायचा आणि तो नेमका ३ असेल तरच उपक्रमांक तपासायचा, ही बरोबर रीत. प्रत्यक्षात अनेकांनी ‘मुख्य क्रमांक निदान ३ हवा आणि उपक्रमांक निदान १० हवा’ अशी दोन वेगळी कलमे घातली. ३.१वर दोन्ही पुरी होत होती, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. तिचा खरा क्रमांक ४.०. या प्रोग्रॅमांच्या हिशेबाने ४ हे ३हून मोठे, इथवर ठीक. पण ० हे १०हून लहान, सबब ही विंडोज जुनी, आणि प्रोग्रॅम चालण्यास नकार! ज्या प्रणालीच्या जाहिरातीवर अफाट पैसा ओतला गेला होता, तिच्यावर गिऱ्हाइकाचे जुने सॉफ्टवेअर चालेनासे झाले असते, तर दोष प्रोग्रॅमला कोणी दिला नसता. मायक्रोसॉफ्टने यावर काढलेला तोडगा असा, की जुन्या १६-बिट प्रोग्रॅमने विचारले तर विंडोज ९५ आपला क्रमांक ३.९५ सांगत असे. ३ला ३ आणि १०हून ९५ मोठे, म्हणून दोन्ही कलमांचे समाधान. एसटीत अर्धे तिकीट मिळावे म्हणून मुलाचे वय साडेअकरा आणि शाळेत सांगताना पुरते बारा, असा जो व्यवहार आपण पाहत आलो आहोत, त्याच जातीचा हा प्रकार होता.

खोटे वय सांगण्याची ही सोय त्याआधीही होती. मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या एमएस-डॉस या प्रणालीच्या १९९१च्या ५.० आवृत्तीत ‘सेटव्हर’ नावाची आज्ञाच दिलेली होती. कोणत्या प्रोग्रॅमने विचारले असता आवृत्ती किती सांगायची, याचा तक्ता तिच्या साहाय्याने ठेवता येत असे.

पुढची वाटचाल याच अनुभवावर झाली. विंडोज २०००चा आतला क्रमांक ५.० आणि एक्सपीचा ५.१ होता. व्हिस्टाला ६.० दिला, तेव्हा मुख्य क्रमांक ५ असेल असे गृहीत धरणारे कित्येक प्रोग्रॅम अडले. म्हणून २००९च्या विंडोज ७ला नाव सात दिले तरी आतला क्रमांक मात्र ६.१ एवढाच ठेवला. विंडोज ८ ही ६.२ आणि ८.१ ही ६.३. विंडोज १०च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्या ६.४ असा क्रमांक दाखवत होत्या. जुलै २०१५ मध्ये प्रणाली बाजारात आली तेव्हा मात्र तो १०.० करण्यात आला, आणि निदान एकदा तरी आतबाहेर सारखे झाले. विंडोज ११च्या वेळी पुन्हा नाव पुढे सरकले आणि क्रमांक १०.० तसाच राहिला. तुमच्या लिपिकांना दिसला तो हाच.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा बिल अडणार नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रणालीच्या आतल्या नोंदवहीत, उत्पादनाचे नाव ठेवण्याची जी जागा आहे, तिथे विंडोज ११च्या संगणकावरही ‘विंडोज १०’ असेच लिहिलेले असते. संगणकांची यादी करणारे एखादे सॉफ्टवेअर ती जागा वाचून माहिती देत असेल, तर तेही तुम्हाला दहाच सांगेल. रजिस्टरमध्ये ‘विंडोज ११, आवृत्ती २४एच२, बिल्ड २६१००’ अशी नोंद करावी. ‘विनव्हर’ ही आज्ञा दिली असता उघडणाऱ्या छोट्या खिडकीत शेवटच्या दोन्ही बाबी दिसतात. २४एच२ म्हणजे २०२४ सालाचा उत्तरार्ध. पूर्वी याच जागी वर्ष आणि महिना जोडून चार अंक लिहीत, जसे १५०७ किंवा १९०९. त्या रीतीने २०२०ची पहिली आवृत्ती २००३ झाली असती; पण विंडोज सर्व्हर २००३ या जुन्या उत्पादनाशी घोटाळा नको म्हणून तिला २००४ म्हटले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून सध्याची पद्धत आली.

प्रश्न : विंडोज ८नंतर एकदम १० कशी आली? ९ कुठे गेली?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : विंडोज ९ या नावाची प्रणाली कधी बाजारात आलीच नाही. जुन्या प्रोग्रॅमांत ‘नावाची सुरुवात विंडोज ९ अशी असेल तर ती ९५ किंवा ९८ समज’ असे लिहिलेले असायचे, आणि तो घोटाळा टाळण्यासाठी नऊ वगळली, ही कथा तुमच्याही कानावर आली असेल. असा मजकूर असलेले प्रोग्रॅम खरोखर आहेत, त्यामुळे वरच्या उत्तरात आलेला इतिहास पाहता कथा अगदीच निराधार वाटत नाही. पण मायक्रोसॉफ्टने हे कारण म्हणून कधी अधिकृतपणे सांगितलेले नाही. माझ्या मते या निर्णयात जाहिरात विभागाचा वाटा मोठा असावा. आठव्या आवृत्तीतला स्टार्ट मेनू गायब झाल्यामुळे लोक नाराज होते, आणि त्या आठवणीपासून दोन पावले दूर जाणे कोणत्याही विक्रेत्याला सोयीचेच वाटले असते.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर अँड्रॉइड १४ आहे. मुलगा ॲप तयार करायला शिकतो आहे. तो म्हणतो, की हे १४ नसून ३४ आहे. दोघांपैकी बरोबर कोण? आणि पूर्वी अँड्रॉइडला गोड पदार्थांची नावे असत, ती का बंद झाली?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघेही बरोबर आहात. १४ ही तुमच्यासाठी असलेली आवृत्ती, आणि ३४ ही ॲपसाठी असलेली एपीआय पातळी, म्हणजे प्रणाली प्रोग्रॅमांना ज्या सोयी देते त्यांच्या संचाचा क्रमांक. ॲप जेव्हा ‘अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी’ असे सांगते, तेव्हा आत ते २९ किंवा त्याहून मोठी पातळी आहे का, एवढेच पाहत असते. ही पातळी पहिल्या अँड्रॉइडला १ पासून सुरू झाली आणि प्रोग्रॅमांना उपलब्ध असलेल्या सोयींत बदल झाला की एकेकाने वाढत गेली. तिच्यात टिंब नाही, उपक्रमांक नाही आणि जाहिरातही नाही. म्हणूनच १०ला २९, ११ला ३०, १२ला ३१ आणि १३ला ३३ असा क्रम दिसतो. मधली ३२ ही घडीचे फोन आणि टॅबलेट यांच्यासाठी काढलेल्या १२एल या मधल्या आवृत्तीला गेली. विंडोजच्या दोन दशकांच्या कसरती पाहिल्यावर गिऱ्हाइकाचा आकडा आणि प्रोग्रॅमचा आकडा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवण्याचे हे शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

गोड पदार्थांची नावे २००९च्या १.५ या आवृत्तीपासून सुरू झाली: कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड, आणि असे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नवव्या आवृत्तीच्या ‘पाय’पर्यंत. २०१६ मध्ये ‘एन’ या अक्षरासाठी लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा केरळातल्या मंडळींनी नेय्यप्पम या आपल्याकडच्या गोड पदार्थासाठी नेटाने प्रचार केला होता; नाव अखेर नूगा या युरोपीय मिठाईचे पडले. २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून गूगलने जाहीर नावांना रजा दिली. जगभरच्या लोकांना ही नावे कळत नाहीत, काही भाषांत एल आणि आर यांचे उच्चार वेगळे करता येत नाहीत, आणि ‘पाय’ हा सगळीकडे जेवणानंतरचा गोड पदार्थ नाही, अशी कारणे त्यांनी दिली. कंपनीच्या आत मात्र गोडाची नावे चालूच राहिली. दहाव्या आवृत्तीचे आतले नाव क्विन्स टार्ट होते.

प्रश्न : माझ्या मॅकवर मॅकओएस १५ होती. अपडेट केल्यावर ती २६ झाली. मधल्या दहा आवृत्त्या माझ्या हातून निसटल्या का? त्यांचे पैसे भरायचे राहिले का?
(एक निवृत्त वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : काही निसटलेले नाही, आणि पैशांचा तर प्रश्नच नाही, २०१३च्या मॅव्हेरिक्सपासून मॅकची ही प्रणाली फुकट मिळते. ॲपलने २०२५ मध्ये आपल्या सर्व प्रणालींचे क्रमांक एकाच वेळी बदलून २६ केले. त्याआधी आयफोनची प्रणाली १८वर, मॅकची १५वर, घड्याळाची ११वर आणि व्हिजन प्रो या उपकरणाची २वर होती, त्यामुळे कोणती कोणाच्या जोडीची हे सांगणे दुकानदारालाही जड जात होते. नवा आकडा वर्षाचा आहे, पण चालू वर्षाचा नव्हे, तर पुढच्या वर्षाचा. पुढच्या सालची दिनदर्शिका जशी दिवाळीपूर्वीच भिंतीवर लावायला मिळते, तशी २०२५च्या सप्टेंबरात आलेली प्रणाली २६ म्हणवते, कारण तिचा बहुतेक वापर २०२६ मध्ये व्हायचा असतो.

तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे, की एका जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला याच संगणकावर १६ दिसते. तेही खरे असणार. जुन्या साधनांनी बांधलेल्या प्रोग्रॅमने विचारले, तर ही प्रणाली आपला क्रमांक १६.० सांगते, म्हणजे १५नंतर साध्या मोजणीने जो आला असता तोच. २०२०च्या बिग सर या आवृत्तीच्या वेळीही असेच झाले होते. तिचा क्रमांक ११, पण जुन्या प्रोग्रॅमांना ती १०.१६ असे सांगत असे.

या १०.१६वरून एक गैरसमज दूर करण्याची संधी घेतो, कारण तो तुमच्या पत्रातही डोकावतो. २००१ ते २०२० अशी जवळजवळ २० वर्षे मॅकचा मुख्य क्रमांक १० हाच होता. मॅक ओएस एक्स या नावातला एक्स म्हणजे रोमन दहा. बदलत होता तो टिंबापुढचा आकडा. १०.९नंतर २०१४ मध्ये १०.१० आली, तेव्हा ‘१०.१० म्हणजे १०.१, मग प्रणाली मागे कशी गेली?’ असे विचारणारे अनेक होते, आणि तसेच विचार करणारे प्रोग्रॅमही होते. आवृत्तीतले टिंब हे दशांशचिन्ह नाही. क्रिकेटच्या धावफलकावर १२.४ षटके लिहिली, तर साडेबाराच्या आत आहोत असे कोणी समजत नाही. बारा षटके पूर्ण आणि तेराव्यातले चार चेंडू, असेच वाचतो, आणि १२.५नंतरच्या चेंडूला १३ लिहितो. आवृत्तीचे टिंब तसेच केवळ दोन स्वतंत्र मोजण्या वेगळ्या ठेवते, फक्त इथे सहाची मर्यादा नाही. ९नंतर १०, ११, १५ असे हवे तितके जाता येते. विंडोज ३.१ला आत ३ आणि १० म्हणण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत या बाबतीत मात्र दशांशाकडे झुकणारी होती, आणि त्यातून काय घडले ते वर आलेच आहे.

नावांविषयी थोडक्यात. पहिल्या नऊ आवृत्त्यांना, म्हणजे चीता ते माउंटन लायनपर्यंत, मांजरकुळातली नावे होती. त्यानंतरची सगळी नावे तुमच्याच राज्यातली: मॅव्हेरिक्स, योसेमिटी, कॅटलिना, सोनोमा, सेक्वोया. तुमच्या २६चे नाव असलेले टाहो हे सरोवर मात्र काही अंशी शेजारच्या नेवाडा राज्यात आहे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू २४.०४ आहे, पण कर्नल ६.८ दाखवते. उबुंटूच्या २४ आवृत्त्या झाल्या का? लिनक्सवाल्यांच्या या नावांना आणि क्रमांकांना काही नियम आहे का, आणि भारतीय नाव असलेली एखादी प्रणाली आहे का?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना, एप्रिल. पहिली उबुंटू ४.१० होती, कारण ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. महिना खरा असावा याबाबत ही मंडळी इतकी काटेकोर, की २००६च्या एप्रिलमध्ये यायची आवृत्ती दोन महिने लांबली तेव्हा तिला ६.०४ न म्हणता ६.०६ म्हटले गेले. सम वर्षांच्या एप्रिलमधली आवृत्ती दीर्घ आधाराची असते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात; तुमच्या प्रयोगशाळेने ती निवडली हे चांगले झाले. सांकेतिक नावात एक विशेषण आणि एक प्राणी असतो, आणि दोघांचे पहिले अक्षर एकच. तुमच्याकडची नोबल नंबॅट. नंबॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा प्राणी.

६.८ हा निराळा क्रमांक आहे, तो लिनक्स कर्नलचा, म्हणजे उबुंटूसारख्या प्रणाली ज्यावर उभ्या असतात त्या गाभ्याचा. तिथे एके काळी कडक नियम होता. उपक्रमांक सम असेल तर आवृत्ती वापरायची, विषम असेल तर ती प्रयोगाची. २.६ या मालिकेत तो नियम सुटला आणि २.६.३९पर्यंत आकडा लांबत गेला, तेव्हा २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सरळ ३.० असे नाव दिले. आत मोठा बदल काहीच नव्हता, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही. तेव्हापासून उपक्रमांक विसाच्या आसपास पोचला की मुख्य क्रमांक एकाने वाढवण्याची प्रथा पडली: ३.१९नंतर ४.०, ४.२०नंतर ५.०, ५.१९नंतर ६.०. हातापायाची बोटे मोजायला पुरेनाशी झाली म्हणून, असे त्यांनी गमतीने म्हटले आहे. इथेही जुन्या प्रोग्रॅमांची समजूत काढावी लागलीच. २.६ हीच दोन अक्षरे शोधणाऱ्या प्रोग्रॅमसाठी कर्नलमध्ये एक सोय ठेवली गेली, जी वापरली असता ३.० स्वतःला २.६.४० म्हणवते.

उबुंटू ज्या डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी आहे, तिची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची असतात, कारण डेबियनचे त्या काळचे प्रमुख ब्रूस पेरेन्स तो चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीत काम करत होते. कायम अस्थिर असणाऱ्या शाखेला खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव दिले आहे. डेबियन १.० मात्र कधीच प्रसिद्ध झाली नाही. एका सीडी विक्रेत्याने अर्धवट प्रत १.० म्हणून आधीच विकून टाकली, आणि ती सदोष प्रत खरी समजली जाऊ नये म्हणून प्रकल्पाला १९९६ मध्ये १.१वरून सुरुवात करावी लागली.

भारतीय नावांची प्रणाली याच डेबियनवर आधारलेली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स. तिच्या पाचव्या आवृत्तीचे नाव अनोखा, सहाव्याचे अनूप, सातव्याचे दृष्टी आणि आठव्याचे उन्नती असे आहे.